दोन दारांचं घर

राज्यं उभी राहतात ती माणसाच्या शब्दावर, असं मी त्या सकाळी जमीन कचेरीच्या पायरीवर उभं राहून सिग्ने ओस्टलुंडला सांगितलं. बंदुका, रेल्वे, बँका हे सगळं मागाहून येतं. आधी लागतो तो एका प्रामाणिक माणसानं शपथेवर उच्चारलेला शब्द.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या डाव्या बुटाला शेण लागलंय, मास्तर."

मी बूट पायरीच्या कडेला घासला. आत जाऊन मला शपथेवर खोटं बोलायचं होतं, आणि ते निदान स्वच्छ बुटांनी बोलावं असं मलाही वाटलं.

ही गोष्ट नेब्रास्कातली, आमचं राज्य अजून दात यायच्या वयात होतं तेव्हाची. मी, एलायस थर्लो, ओहायोतल्या एका कॉलेजात लॅटिन आणि तर्कशास्त्र शिकून पश्चिमेला आलो होतो. पश्चिमेला या दोन्ही गोष्टींची टंचाई होती, पण मागणीही नव्हती. मग मी हिवाळ्यात शाळा चालवायचो आणि उन्हाळ्यात, सरकारच्या कागदावर तरी, शेती करायचो.

सरकार त्या काळी माणशी एकशे साठ एकर गवत फुकट वाटत होतं. अट इतकीच, की पाच वर्षं त्या गवतावर घर करून राहायचं, थोडं नांगरायचं, आणि मग कचेरीत येऊन तसं शपथेवर सांगायचं. एकट्या बाईलाही जमीन मागता यायची. लग्न झालं की मात्र पंचाईत. कायद्याच्या मते नवरा-बायकोचं घर एक. आणि घर एक तर जमीनही एकच. दुसरी सरकारजमा.

सिग्नेची आणि माझी जमीन लागून होती. ती स्वीडनहून आलेली, उंच, हाडापेरानं मजबूत, आणि कमी बोलणारी. इंग्रजी तिला कमी येतं म्हणून ती कमी बोलते अशी माझी समजूत होती. मी तिला इंग्रजी शिकवलं. ती उत्तम शिकली, आणि पूर्वीइतकंच कमी बोलत राहिली.

त्या मुलखात झाड म्हणून नव्हतं. घराला लाकूड हवं तर बैलगाडीनं तीन दिवसांची वाट. म्हणून आम्ही दोघांनी तिकडच्या चार व्यवहारी माणसांसारखं केलं: दोन्ही जमिनींच्या हद्दीवर एकच लांबोडकं घर बांधलं. अर्धं तिच्या जमिनीत, अर्धं माझ्या. ती तिच्या अर्ध्यात झोपायची, मी माझ्या. दोघंही आपापल्या जमिनीवर राहतात असं म्हणता यायचं. मधली भिंत कायद्याला लागत नव्हती, त्यामुळे ती आम्ही बांधली नाही. सिग्नेनं पायाखालच्या फळ्यांवर डांबराची एक सरळ रेघ ओढली आणि वरून गोणपाटाचा पडदा सोडला. लोखंडी शेगडी रेघेवरच ठेवली. जाळ तिच्या बाजूला, भट्टी माझ्या. माझा पाव तिच्या जाळावर भाजायचा म्हणून गुरांच्या वाळक्या शेण्या मी गोळा करून आणायचो. ओहायोत लॅटिनमधून शेतीवर निबंध लिहून मी बक्षीस मिळवलं होतं. त्यात शेण्यांचा उल्लेख नव्हता.

घराला दारं दोन होती. पूर्वेचं तिचं, पश्चिमेचं माझं.

रविवारी दुपारी पडद्याआडून आवाज यायचा, "मास्तर, कॉफी झालीय." मग मी कोट घालायचो, केस चापून बसवायचो, माझ्या दारातून बाहेर पडायचो, सगळ्या घराला वळसा घालून तिच्या दाराशी जायचो आणि थाप मारायचो.

"कोण आहे?" ती विचारायची. मैलभर कुठं माणसाची सावली नसायची.

"थर्लो."

"या."

तिथून पडदा माझ्या पाठीशी हातभर अंतरावर असायचा. पडद्यामागं माझी खाट.

एकदा हिमवादळात, जेव्हा पुढं धरलेला हात डोळ्याला दिसत नव्हता, मी पडद्यापाशी उभा राहून म्हटलं, "मिस ओस्टलुंड, आज इकडून सरळच आलो तर?"

"दार तिकडं आहे, मास्तर."

मी कमरेला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक कडीला अडकवलं आणि भिंत चाचपत गेलो. कॉफी छान होती. नाक दोन दिवसांनी शुद्धीवर आलं.

हे सगळं मला फार गोड वाटायचं. किती सावध बाई आहे, असं वाटायचं. सरकारी माणूस कधी आला, कुणी चुगली केली, तर बोट ठेवायला जागा नको. पाच वर्षं कशीबशी निघाली की दोन्ही जमिनी पक्क्या, आणि मग... मग काय ते मी तिला विचारलं नव्हतं. पण तिसऱ्या वर्षी एकदा, शेगडीत शेण्या सारता सारता, मी सहज बोलल्यासारखं बोललो होतो, "पाच वर्षं झाली की या रेघेची गरज राहणार नाही."

"नाही," सिग्ने म्हणाली. "तेव्हा नको."

मी याला साखरपुडा समजून चाललो. ज्यानं कधी असा मुलूख पाहिला नाही त्यानं हसू नये. चहूकडे क्षितिजापर्यंत गवत, दिवसभर वारा, आणि पडद्यापलीकडे कुणीतरी कप विसळतंय एवढा एकच माणसाचा आवाज. अशा ठिकाणी माणूस तीन शब्दांवर बरंच काही उभारू शकतो. बाकीचं राज्य त्याहून कमी शब्दांवर उभं होतं.

याच सुमारास आमच्या आयुष्यात कर्नल टॅलमेज आले. कर्नल हा हुद्दा त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवला होता. सैन्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. आमच्यापासून दोन मैलांवर त्यांनी 'न्यू एथेन्स' नावाचं शहर वसवलं होतं. त्यात एक दुकान, एक लोहार, दोन दारूचे गुत्ते आणि ऑपेरा हाउसची जागा होती. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेऱ्या कुठल्या गावात असाव्यात याची निवडणूक झाली तेव्हा न्यू एथेन्सनं आपल्या लोकसंख्येच्या सहापट मतदान केलं, आणि तरी ते हरलं, कारण पलीकडच्या गावानं आठपट केलं होतं. कर्नल त्या दिवशी जाहीरपणे रडले. लोकशाहीत शेवटी संख्येलाच किंमत आहे, असं म्हणाले.

मग त्यांनी रेल्वे काढली. 'न्यू एथेन्स, पॅसिफिक अँड ओरिएंट' असं तिचं नाव. पलीकडच्या गावाकडं कचेऱ्या असतील, पण स्टेशन आपल्याकडं आलं की कचेऱ्या चाकांवर बसून येतील, हा कर्नलचा हिशेब. तो चुकीचा नव्हता. आमच्याकडं घरं चाकांवर चढून, बैल जुंपून गावं बदलत, माणसं नुसती त्यांच्यामागून जात. लोकांनी रेल्वेचे रोखे घेतले. आणि स्टेशनाला योग्य अशी उंच, सपाट, पाण्याजवळची जागा एकच निघाली. सिग्नेची.

कर्नल घोड्यावरून आले तेव्हा दोन्ही दारं बघून थबकले.

"कुठल्या दारावर थाप मारायची?" त्यांनी मला ओरडून विचारलं. मी बाहेर शेण्या रचत होतो.

"काम कुणाकडं आहे त्यावर आहे," मी म्हणालो.

सिग्ने आपल्या दारात येऊन उभी राहिली. तिनं त्यांना आत बोलावलं नाही. कर्नलनी हॅट काढून छातीशी धरली.

"बाई, तुमच्या जमिनीवरून संस्कृती जाणार आहे."

"वळसा घालून जाऊ दे," सिग्ने म्हणाली.

"मी योग्य मोबदला देतो आहे. एकट्या बाईनं एवढी जमीन घेऊन करायचं काय?"

"नांगरायची."

"आणि नंतर?"

"पुन्हा नांगरायची."

कर्नलनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. पडदा बाजूला सारलेला होता; मी शेण्या टाकायला नुकताच शेगडीपाशी गेलो होतो. त्यांची नजर शेगडीवर ठरली, मग माझ्यावर, मग पुन्हा शेगडीवर.

"एक शेगडी," ते हळूच म्हणाले. "दोन माणसं. कायदा याला काय म्हणतो ठाऊक आहे, मास्तर?"

"शेगडी," मी म्हणालो.

पण कायद्याचं शेपूट त्यांच्या हाती लागलं होतं. पंधरवड्यात त्यांच्या पुतण्यानं जमीन कचेरीत तक्रार गुदरली. म्हणे, सिग्ने ओस्टलुंड ही एलायस थर्लोची बायको आहे. नसेल तर दोघांत तसं ठरलेलं आहे. घर एक, शेगडी एक, आणि दुसरी जमीन हा सरकारला घातलेला गंडा आहे. तक्रार खरी ठरली तर सिग्नेची जमीन जाणार, आणि जो पहिला मागेल त्याला, म्हणजे त्या पुतण्यालाच, मिळणार. तिची पाच वर्षं भरायला एक महिना उरला होता.

कचेरीच्या गावी जायला गाडीनं दीड दिवस लागायचा. वाटेत मी तिला धीर दिला.

"ते लग्नाबद्दल विचारतील. मी साफ 'नाही' म्हणणार. तुम्ही काळजी करू नका."

"मी कशाला काळजी करू?" ती म्हणाली.

काय ही छाती, असं मला वाटलं.

जमीन कचेरी म्हणजे एक खोली, एक स्टोव्ह आणि रजिस्ट्रार पिनी. पिनीसाहेबांना दाढदुखी होती. गालावर रुमाल बांधून ते बसले होते, आणि नेब्रास्कातल्या प्रत्येक एकरानं आपल्याला वैयक्तिक त्रास दिला आहे अशा नजरेनं सगळ्यांकडं बघत होते. एका बाजूला कर्नल, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं. आमच्या दोघांमध्येही एक बाक रिकामा. तो बाक सिग्नेनं सोडायला लावला होता.

कर्नलनी पहिली साक्ष काढली ती मिसेस प्रूइटची. या आमच्या सगळ्यांत जवळच्या शेजारीण, म्हणजे सव्वा मैलावरच्या.

"तुम्ही थर्लोला या बाईच्या घरात जाताना पाहिलंय?" कर्नलनी विचारलं.

"पाहिलंय की. बऱ्याचदा."

कर्नलनी रजिस्ट्रारकडं अर्थपूर्ण पाहिलं. "कसा जातो?"

"कोट घालून."

"तसं नाही बाई. म्हणजे, आपल्याच घरात शिरावं तसा जातो ना?"

"छे! दार वाजवतो, आपलं नाव सांगतो, पाय पुसतो. मागच्या हिवाळ्यात आम्ही वासरू शोधता शोधता याच्या अंगावरच येऊन आदळलो, तर हा बाबा वादळात कमरेला दोर बांधून भिंतीभिंतीनं चाललेला. मी आमच्या यांना म्हटलं, बघा, शिका. पंधरा वर्षांत हे कधी पाय पुसून आत आले नाहीत." मिसेस प्रूइटनी कर्नलकडं दयेनं पाहिलं. "असा काय नवरा असतो होय?"

पिनीसाहेबांच्या रुमालाखाली काहीतरी हललं. कर्नलनी घाईघाईनं बाईंना बसवलं आणि मला उभं केलं.

मी बायबलवर हात ठेवला. आजवर मी शपथेवर खोटं बोललो नव्हतो. कुणी विचारलंच नव्हतं.

"मास्तर," कर्नल म्हणाले, "या बाईंशी लग्नाचा तुमचा करार, वचन, बोली, समजूत, काही आहे?"

मी सिग्नेकडं पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बांधलेल्या आमच्या बैलांकडं बघत होती.

"नाही," मी म्हणालो.

छतावरून वीज वगैरे पडली नाही. धीर आला.

"मग पाच वर्षं तिच्यासाठी शेण्या का गोळा केल्यात?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण एकदा खोटं बोललं की त्याला चांगलं सजवावं, असं शिकलेल्या माणसाला वाटतं.

"कारण पाव मलाही लागतो," मी म्हणालो. "साहेब, मिस ओस्टलुंडशी लग्न करण्याचा विचार कुठल्याही शहाण्या माणसाच्या मनात येणं शक्य नाही. त्या हट्टी आहेत. हिवाळ्यात खिडकी उघडी टाकतात. कॉफी ढवळून झाली की चमचा कपावर तीनदा आपटतात, मग एकदा उगाच. रागावल्या की गुणगुणतात, आणि आनंदात असल्या तरी तेच गाणं गुणगुणतात, त्यामुळे माणसाला काही कळत नाही. मोजे रफू करताना स्वतःशी भांडतात. झोपेत स्वीडिशमधून आकडे मोजतात, सत्तरच्या आसपास आल्या की अडखळतात आणि पुन्हा पहिल्यापासून. बीटाच्या लोणच्यात..."

"बरंच लक्ष दिलेलं दिसतंय," पिनीसाहेब म्हणाले.

"पडदा गोणपाटाचा आहे, साहेब."

खोलीत कुणी हसलं नाही. कर्नलसुद्धा हसले नाहीत, ते माझ्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं बघत राहिले आणि मग म्हणाले, "बसा, मास्तर." त्या माणसानं माझ्याशी मायेनं बोललेलं मला तेवढंच आठवतं.

मग सिग्ने उभी राहिली. तिनं शपथ घेतली, हात नीट घडी घालून पुढं धरले.

"मिस ओस्टलुंड, लग्नाचा काही करार?"

"नाही."

"बोली? समजूत?"

"नाही."

"तसा विचार तरी?" कर्नल म्हणाले. पिनीसाहेब म्हणाले की विचार हा कायद्याचा विषय नाही. पण तोवर ती उत्तर देत होती.

"एकदा आला होता. पहिल्या हिवाळ्यात, एक दुपारभर. मग हवा निवळली."

पिनीसाहेबांनी दाढेवरचा हात काढला. ती ज्या सुरात हे म्हणाली त्या सुरात माणूस बियाण्याचा भाव सांगतो. खोटं वाटावं असा त्यात एक धागा नव्हता. मी पानभर बोललो आणि तिनं चार शब्दांत माझ्यावर ताण केली. खोट्यात तेवढीच थोडीशी कबुली मिसळायची, ही कल्पना कुणाला सुचली असती?

तक्रार फेटाळली. पिनीसाहेब म्हणाले, शेगडी लोखंडाची आहे, तिच्यावरून लग्न सिद्ध होत नाही. होत असतं तर त्यांच्या दाढेवरूनही काहीतरी सिद्ध झालं असतं. सिग्नेनं महिन्याभरानं येऊन आपला हक्क पुरा करावा. कर्नलनी हॅट घातली, दोघांशी हस्तांदोलन केलं आणि सांगितलं की संस्कृती थांबत नसते.

परतताना हवा सुंदर होती. चंडोल गात होते. मी बैल हाकत होतो. आणि राहवलंच नाही.

"मिस ओस्टलुंड, मानलं तुम्हाला! ती 'एक दुपारभर'ची थाप! मला सात जन्मांत सुचली नसती."

"थाप?"

"तेच हो. हवा निवळली म्हणे!"

ती वळून माझ्याकडं बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याला गाडीखाली येताना पाहिल्यावर जसा चेहरा होतो तसा होता.

"मी शपथेवर होते, मास्तर," ती म्हणाली.

बैल चालत राहिले. बैलांचं हे एक बरं असतं.

मग मी म्हणालो, "पण तुम्ही म्हणाला होतात. पाच वर्षं झाली की रेघ नको."

"नकोच. पाच वर्षं झाली की एका घरात राहायचं कारण नाही. मी माझा भाग उचलून टेकाडावर नेणार." मग म्हणाली, "तुम्हाला दुसरं काही वाटलं?"

"नाही, नाही," मी म्हणालो.

हे मात्र शपथेवर नव्हतं.

पुढच्या ओढ्यापाशी बैलांना पाणी पाजलं तेव्हा ती आपणहून बोलली. एवढं बोलताना मी तिला आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

"माझ्या आईनं तीन नवरे केले, मास्तर. पहिला चांगला होता, दुसरा दारू प्यायचा, तिसरा पुन्हा चांगला. तिघांच्याही वेळी ती दुसऱ्याच्याच जमिनीत बटाटे काढत होती. ती गेली तेव्हा पुरायलासुद्धा मालकाची परवानगी काढली आम्ही." तिनं बैलाच्या पाठीवरची माशी उडवली. "तुम्ही पहिल्यासारखे आहात. चांगले. पण मला माझं दार हवंय."

"ते तर होतंच की," मी म्हणालो.

"हो. म्हणून तर पाच वर्षं सुखाची गेली."

म्हणजे कचेरीत आयुष्यात पहिल्यांदा मी शपथेवर खोटं बोललो, आणि ते खरं निघालं. तर्कशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात या प्रकाराला नाव नाही. मी नंतर शोधलं.

महिन्याभरानं तिची जमीन पक्की झाली, आणि त्याच आठवड्यात तिनं विचारलं, "दोन मुठींची करवत कुणाकडं आहे?"

"प्रूइटकडं."

"आणाल?"

मी आणली. दोन मुठींची करवत एकट्याला चालवता येत नाही. ती दोन माणसांनी दोन टोकांना धरायची असते. प्रूइट दोन बैलजोड्या घेऊन दुपारी येणार होता. तोवर घर कापून तयार ठेवायला हवं होतं.

आधी छत कापलं. सिग्ने तिच्या बाजूच्या शिडीवर, मी माझ्या. करवतीच्या पात्यावरून आम्ही एकमेकांकडं बघत होतो. पाच वर्षांत इतका वेळ समोरासमोर आम्ही कधी काढला नव्हता.

"ढकलू नका, मास्तर," ती म्हणाली. "नुसतं ओढायचं, आणि सोडायचं. ढकललं की पातं वाकतं."

"मी ढकलत नाहीये."

"ढकलताय."

मी ढकलायचं थांबवलं. मग करवत सुरेख चालायला लागली. ती ओढायची तेव्हा मी सोडायचो, मी ओढायचो तेव्हा ती सोडायची. भुसा दोघांच्या अंगावर सारखाच पडत होता. ती गुणगुणत होती. कुठल्या कारणानं, ते मी विचारलं नाही. छत झालं, उत्तरेची भिंत झाली, दक्षिणेची झाली, आणि सगळ्यांत शेवटी गुडघे टेकून आम्ही डांबराच्या रेघेवरून पायाखालच्या फळ्या कापल्या. शेवटची फळी सुटली तेव्हा दोन्ही अर्धी किंचित अलग झाली. मधून खालचं गवत दिसलं. पाच वर्षं उजेड न मिळालेलं, पांढरट.

"जमलं," सिग्ने म्हणाली, आणि मूठ सोडली.

शेगडीचा प्रश्न निघाला. जाळ तिच्या बाजूला होता, शेगडी तिची. मी पाव विकत आणीन म्हणालो. न्यू एथेन्सच्या दुकानात पाव नसायचा, आणि तो विकत मिळायची जागा एका दिवसाच्या वाटेवर होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती म्हणाली, पीठ तिंबून आणून द्या, मी भाजून देत जाईन.

प्रूइट आला. त्यानं तिच्या अर्ध्या घराखाली ओंडके सारले, साखळ्या बांधल्या, आणि चार बैलांनी ते हलवलं. घर डुलत डुलत निघालं. उघड्या बाजूनं तिची खाट, टेबल आणि खुंटीवरचा कोट दिसत होता. सिग्ने शेजारून चालत होती, आपल्या दारावर हात ठेवून. अर्ध्या वाटेवर ती थांबली आणि वळून ओरडली,

"रविवारी कॉफीला या, मास्तर!"

"येतो!"

आता वळसा अर्ध्या मैलाचा होता. मी कोट घालून गेलो. थाप मारली. "कोण आहे?" आतून आवाज आला. मी सांगितलं. तिनं उघड्या बाजूला नवी भिंत घातली होती, टेकाडावरून चहूकडचं दिसत होतं, आणि कॉफी पूर्वीसारखीच होती. तिनं चमचा तीनदा आपटला, मग एकदा. माझ्याकडं चौथी भिंत यायला शरद ऋतू उजाडला. तोवर मी सतरंजी टांगून राहिलो. एका सकाळी डोळे उघडले तर खाटेपाशी गाय उभी. प्रूइटची होती. बराच वेळ मी तिला हाकललं नाही.

नंतरच्या वर्षांत राज्य झपाट्यानं पुढं गेलं, म्हणजे पाऊस गेला आणि त्याच्यामागून बँका गेल्या. धान्य पिकेना तेव्हा राजकारण पिकलं. शेतकऱ्यांनी स्वतःचा पक्ष काढला, गाड्यांवर उभं राहून रेल्वेवाल्यांना शिव्या घातल्या, आणि कर्नल टॅलमेजना आठवलं की आपण जन्मापासून शेतकरीच आहोत. ते रेल्वेविरुद्ध उभे राहून विधानसभेवर गेले. त्याच निवडणुकीत सिग्ने काउंटीची शाळा-अधिकारी झाली. बाईला त्या जागेसाठी उभं राहता यायचं, पण स्वतःला मत देता यायचं नाही. तिच्या वाटचं ते काम मी केलं. न्यू एथेन्समधली घरं एकेक करून चाकांवर चढली आणि पलीकडच्या गावी निघून गेली. ऑपेरा हाउसची जागा तेवढी राहिली.

त्याच जागेवर रेल्वे कंपनीच्या मालमत्तेचा लिलाव झाला. मी गेलो होतो, कारण ज्या इंजिनासाठी एवढं सगळं घडलं ते एकदा डोळ्यांनी बघावं अशी इच्छा होती. इंजिन नव्हतं. रूळही नव्हते. एक घंटा होती, ती चर्चनं घेतली. बाकी कंपनीकडं दोन खुर्च्या निघाल्या. एक मी घेतली, एक सिग्नेनं.